कामेरकरबाईंची हनुवटी

खंडेनवमीच्या सकाळी मी एका पियानोची यथासांग पूजा केली आणि त्याच्या पोटात हळद, कुंकू, झेंडूच्या पाकळ्या आणि ओंजळभर अक्षता टाकल्या. पियानो माझा नव्हता.

माझीही बाजू ऐकून घ्या. चिखलोलीच्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. ज्या सभेला मी गैरहजर होतो त्या सभेत हे पद मला एकमताने मिळालं. खंडेनवमीला सोसायटीतल्या सगळ्या यंत्रांची पूजा करायची हा आमचा रिवाज. पाण्याचा पंप, वॉचमनची बॅटरी, डासांच्या धुराचं मशीन, सगळ्यांना हळदकुंकू, फूल, आणि त्या दिवशी अवजाराला विश्रांती. लिफ्टला मात्र नुसतं हळदकुंकू. तिला विश्रांती दिली तर वरच्या मजल्यावरचे लोक मला कायमची देतील. असा ताट घेऊन फिरत असताना तळमजल्यावर कामेरकरबाईंचं दार उघडं दिसलं. कामवाली फरशी पुसत होती आणि हॉलमध्ये ते काळं, तीन पायांचं, झाकण वर केलेलं धूड उभं होतं. म्हटलं, पंपाची पूजा होते आणि वाद्याची नाही? सरस्वती काय म्हणेल?

सरस्वती काय म्हणाली माहीत नाही. कामेरकरबाई आंघोळ करून बाहेर आल्या, डोक्याला टॉवेल, आणि मी तारांवर अक्षता टाकताना त्यांना दिसलो. मी हसून म्हणालो, "बाई, आज याला हात लावायचा नाही बरं का. आज सुट्टी."

त्यांनी उभ्याउभ्या एक पट्टी दाबली. आतून डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला.

"सेक्रेटरी," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नाही. "मी तापात वाजवलंय. थिएटरात बॉम्ब ठेवलाय असा फोन आला तेव्हा वाजवलंय. वडील गेल्याची तार कमरेला खोचून वाजवलंय. सुट्टी देणारे तुम्ही पहिलेच. बसा खाली."

मग मला खाली बसवून, म्हणजे स्टुलावर वाकवून, त्यांनी एकेक अक्षत काढायला लावली. चिमटा लागला तो माझ्या घरून आला, माझ्या बायकोचा, सुमनचा, भुवया कोरायचा. मी चार दाणे काढायचो, बाई एक पट्टी दाबायच्या, कुठेतरी खुळखुळ व्हायची, बाई म्हणायच्या, "अजून आहे." दुपारी सुमन मला जेवायला बोलवायला आली. तिला वाटलं होतं, आपण मध्यस्थी करू. सगळं ऐकून ती बाईंना म्हणाली, "जेवण पाठवते इकडेच. सगळे निघेपर्यंत सोडू नका ह्यांना."

इंदुमती कामेरकर ह्यांची आणि माझी ओळख ही अशी झाली.

बाई कोण आहेत हे सोसायटीत कुणाला धड माहीत नव्हतं. वॉचमन कुरियरवाल्यांना 'वो पेटीवाली मॅडम' म्हणून दार दाखवायचा. एका रविवारी मी मोबाइलवर त्यांचं नाव टाकून पाहिलं तर एक जुना काळापांढरा फोटो निघाला. परदेशातलं प्रचंड सभागृह, छतापर्यंत माणसं, आणि मधोमध पियानोपाशी एवढीशी बाई. साडीत. पदर कमरेला खोचलेला, आमची आई पुरणपोळ्या लाटायला बसताना खोचायची तस्सा. अंबरनाथच्या एका कारखान्यातल्या फोरमनची ही मुलगी. कल्याणच्या रेल्वे कॉलनीतल्या एका म्हाताऱ्या मडमेकडे शिकली, तिथून शिष्यवृत्तीवर व्हिएन्नाला गेली आणि मग जवळजवळ सगळं आयुष्य त्या तिकडच्या सभागृहांमधून वाजवत फिरली. मी भारावून जाऊन दुसऱ्या दिवशी विचारलं, "बाई, एवढं सगळं सोडून तुम्ही चिखलोलीला कशाला आलात?"

"विमानतळापासून इतकं लांब दुसरं काही परवडेना," बाई म्हणाल्या.

हात हे त्यांचं दैवत होतं. दैवत म्हणजे त्याला कुणी शिवायचं नाही. त्या कुणाशी हस्तांदोलन करत नसत, भाजीची पिशवी उचलत नसत, सुरी धरत नसत. बरणीचं झाकण घट्ट बसलं की बरणी घेऊन दारात उभ्या राहत आणि जो पहिला दिसेल त्याच्या हातात देत, मग तो कुरियरवाला असो की मत मागायला आलेला उमेदवार. उमेदवाराने झाकण उघडून दिलं आणि तो आशेने उभा राहिला. बाई म्हणाल्या, "तुमच्या हाताला जोर आहे. प्रामाणिक धंदा करता आला असता."

बोलणं सगळं असंच. त्यात राग नसायचा, म्हणून जास्त लागायचं. त्यांना एक नवरा होता, व्हायोलिन वाजवायचा. सुमनने एकदा हळूच विचारलं, "सोडलंत का त्यांना?" बाई म्हणाल्या, "सुरात नव्हता." सुमन म्हणाली, "एवढ्यावरून?" बाई विचार करून म्हणाल्या, "सुरात आला असता तरी सोडलं असतं. पण मग वाईट वाटलं असतं." त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम झाला तो दुसरीच एक पियानोवाली आयत्या वेळी आजारी पडली म्हणून. बाईंनी तिला इस्पितळात फुलं पाठवली, बरोबर चिठ्ठी: 'घाई करू नकोस.' हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते आमच्याकडे मुलीचं लग्न पार पडल्यावर दिसतं.

रोज सकाळ-संध्याकाळ त्या रियाज करत, आणि त्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर रोज कुरबुर. तक्रार आवाजाची नव्हती. तक्रार अशी की गाणं पुढे का जात नाही? बाई एक तुकडा घेत आणि तोच पन्नासदा, शंभरदा, कधी एका हाताने, कधी दुसऱ्या, कधी इतका हळू की ऐकणाऱ्याला जांभई यावी. वरच्या मजल्यावरच्या पाटलांनी लिहिलं, 'सेक्रेटरीसाहेब, मॅडमना सांगा, एकदा तरी पूर्ण वाजवा, आम्हालाही कळू द्या शेवटी काय होतं.' मी तो निरोप पोचवला. बाई म्हणाल्या, "शेवटी सगळे टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. त्यांना म्हणावं, तेवढं आत्ताच करा."

मला मात्र त्या घोटून घेण्याची सवय झाली. आमच्या दोन घरांमधल्या भिंतीपलीकडून तोच तुकडा पुन्हा पुन्हा आला की मला बरं वाटायचं, म्हणजे सगळं ठीक चाललंय. या सवयीने पुढे माझा घात केला. माझा म्हणजे, खरं तर बाईंचा.

शिकवण्या त्या जवळजवळ घेत नसत. एकच विद्यार्थिनी मला माहीत, कशिश. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये कन्हैयालालशेठचा लग्नाचा हॉल आहे, त्यांची मुलगी. शेठ स्वतः गाडीने तिला सोडायला यायचे आणि तास संपेपर्यंत माझ्याकडे चहा पीत बसायचे. पोरीला बोटं होती, मेहनत होती, आणि बाईंवर अशी भक्ती होती की त्यांच्या शिव्यासुद्धा ती मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी ऐकायची. बाईंचं एक वाक्य तिला पाठच होतं: 'चुकायचं तर जोरात चूक, म्हणजे मला कळेल कुठे मारायचं.'

बरीच वर्षं शिकवल्यावर एक दिवस बाईंनी शेठना आत बोलावलं. सेक्रेटरी या नात्याने मीही घुसलो.

"शेठ, मुलीला दुकानावर बसवा," बाई म्हणाल्या.

"दुकान किधर मॅडम, हॉल है अपना."

"मग हॉलवर बसवा. ती एकही चूक करत नाही. हिशोबाला बरी आहे. वाजवायला कामाची नाही."

कशिश तिथेच उभी होती. शेठचा चेहरा एकदम म्हातारा झाला. ते म्हणाले, "साईं, थोडा प्यार से बोलते ना बच्ची को."

"प्रेमाने सांगितलं असतं तर तिने आणखी दहा वर्षं घालवली असती."

कशिश गेली ती कित्येक वर्षं त्या घरात परत आली नाही. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवू लागली. उल्हासनगरात सिंध्यांचं एकही मोठं लग्न तिच्याशिवाय होईना. मी एकदा बाईंना हे कौतुकाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघा. म्हटलं होतं ना, हॉलवर बसवा."

आता जे सांगायचंय ते तुम्हाला आधीच सांगून टाकतो, कारण मला स्वतःला ते फार उशिरा कळलं आणि तुम्ही माझ्यासारखं ताटकळावं अशी इच्छा नाही. बाई विसरू लागल्या होत्या.

माणसं, वार, गॅसचा नंबर, हे विसरणं त्यांना नवीन नव्हतं; ते त्यांनी कधी लक्षातच ठेवलं नव्हतं. पण संगीत? बाई आयुष्यभर पाठ वाजवत आल्या होत्या. समोर नोटेशनचा कागद ठेवून वाजवणाऱ्यांना त्या 'पोथीवाले' म्हणायच्या. "बायको ओळखायला आधार कार्ड लागतं का तुम्हाला?" असं मला विचारायच्या. पियानोवर कागद ठेवायची जी लाकडी घडवंची असते ती त्यांनी काढून कपाटामागे टाकली होती. एक दिवस मला बोलावून म्हणाल्या, "सेक्रेटरी, ते फळकूट काढा आणि लावा जागेवर." मी काढलं, धूळ पुसली, लावलं, चांगलं घट्ट बसलंय म्हणून शाबासकीच्या अपेक्षेने उभा राहिलो. बाई त्या फळीकडे बघत होत्या. घरी नवीन आलेल्या कुबड्यांकडे माणूस बघतो तशा. मी विचारलं, "चहाचा कप ठेवायला का?"

"हो," बाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात कन्हैयालालशेठ आले. त्यांना बाईंचा सत्कार करायचा होता. अपमान झालेल्या बापाने सत्कार का करावा ते मला कळेना. शेठ म्हणाले, "जिसने मेरी बेटी को रुलाया वो कोई छोटी आर्टिस्ट थोडी होगी? छोटी होती तो मेरी बेइज्जती हो जाएगी." हॉल त्यांचा, जेवण त्यांचं, बाईंनी फक्त वाजवायचं. मला खात्री होती की बाई त्यांना बरणी उघडायला लावून परत पाठवतील. मुंबईहून मोठमोठ्या संस्थांची आमंत्रणं त्यांनी उत्तरही न देता फेकली होती. पण त्या हो म्हणाल्या.

मी विचारलं, "मुंबईला नाही म्हणालात, मग उल्हासनगर कसं?"

"मुंबईत मांडीवर कागद उघडून ऐकणारे बसतात. एक सूर गळला तरी पेन्सिलीने खूण करतात. शेठच्या हॉलमध्ये मी काय वाजवलं ते फक्त मला कळेल." मग म्हणाल्या, "एकदा पूर्ण वाजवायचंय मला. माणसांसमोर. घरात वाजवलेलं धरत नाहीत."

जो तुकडा भिंतीपलीकडून आम्ही वर्षानुवर्षं ऐकला, त्याच रचनेबद्दल त्या बोलत होत्या. ती लिहिणाऱ्या संगीतकाराचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही, आणि चुकीचं उच्चारलं तर बाई पट्टीने मारत, म्हणून गाळतो. व्हिएन्नातल्या पहिल्या कार्यक्रमात बाईंनी तीच वाजवली होती. ती एकदा आरंभापासून शेवटापर्यंत, लोकांसमोर, ती हातात आहे तोवर. एवढंच हवं होतं त्यांना. आणि ती हातातून निसटते आहे हे कुणाला कळता कामा नये.

त्यासाठी पान उलटणारा माणूस हवा होता. बाईंनी माझी मुलाखत घेतली.

"सेक्रेटरी, तुम्हाला संगीत कळतं का?"

"थोडंफार," मी विनयाने म्हणालो.

"मग नको."

"अजिबात नाही कळत बाई!"

"मग या उद्यापासून."

सुमन म्हणाली, "अहो, आजकाल टॅबवर पान आपोआप उलटतं म्हणे. पाटलांच्या मुलाकडे आहे." बाईंना तेही सुचवून पाहिलं. त्या म्हणाल्या, "मशीनवर ओरडण्यात मजा नाही."

पान उलटणं हे शास्त्र आहे. वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताला, जरा मागे बसायचं. वेळ आली की उठायचं, डाव्या हाताने पानाचा वरचा उजवा कोपरा धरायचा, आणि खूण मिळाली की उलटून पुन्हा बसायचं. श्वास घ्यायचा नाही. खोकायचं नाही. शर्टाची बाही वाजवणाऱ्याच्या नाकासमोर न्यायची नाही. मला कागदावरचं अक्षरही कळत नसल्यामुळे खूण म्हणजे बाईंची हनुवटी. हनुवटी खाली आली की उलटायचं. पहिल्या दिवशी बाईंना शिंक येणार होती, हनुवटी हलली, मी उलटलं. बाईंनी न थांबता उजव्या हाताने वाजवत डाव्या हाताने माझ्या मनगटावर लाकडी पट्टी मारली. एकही सूर चुकला नाही. मला वेदनेपेक्षा कौतुकच जास्त वाटलं.

"हनुवटीशिवाय उलटायचं नाही," त्या म्हणाल्या. "आग लागली तरी नाही. मी मेले तरी नाही. समजलं?"

मला एवढं स्पष्ट कुणी समजावलं की मी ते पाळतो. आयुष्यात दुसरं काही पाळता आलं नाही, पण सांगितलेलं काम पाळलंय.

पियानो उल्हासनगरला टेम्पोने गेला. फर्निचर बाजारातली कपाटं उचलणारी माणसं शेठनी पाठवली होती. त्यांनी पियानोचे पाय काढले, गाद्यांत गुंडाळला, आणि 'जोर लगा के' म्हणत उचलला तेव्हा बाई तोंड फिरवून उभ्या होत्या. नवऱ्याला सोडतानासुद्धा त्यांनी तोंड फिरवलं नसावं. हॉलवर सूर लावणारा मुंबईहून आला होता, तो सकाळपासून आत डोकं घालून बसला. स्टेजवर नवरानवरीचा सिंहासनासारखा लाल सोफा होता. तो इतका जड की हलेना, म्हणून पियानो त्याच्या पुढ्यात. मागे थर्माकोलचे दोन मोर. बाईंनी मोरांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "चला, निदान हे दोघे टाळ्या चुकीच्या जागी वाजवणार नाहीत."

हॉल भरला होता. शेठचे पाहुणे, आमची सोसायटी, पाटील सहकुटुंब, शेवटी काय होतं ते बघायला. दाल-पकवानाचा वास येत होता. मागच्या दाराशी कशिश उभी होती, चमकीचा झगा घालून. तिला पुढे दुसऱ्या हॉलवर एक रिसेप्शन होतं. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण हॉल बापाचा असल्यावर आमंत्रण कशाला?

बाईंनी पदर खोचला आणि सुरू केलं.

कसं वाजवलं ते मला सांगता येत नाही. एवढं सांगतो की पाटलांचा नातू रडायचा थांबला आणि स्वयंपाकघरातली भांडी वाजायची बंद झाली. हनुवटी खाली आली, मी उलटलं. पुन्हा आली, पुन्हा उलटलं. मी इतकं सुंदर काम करत होतो की मनात आलं, सुमनने व्हिडिओ काढायला हवा होता.

मग तो तुकडा आला, आमचा, भिंतीपलीकडचा. मी ओळखला आणि मला हायसं वाटलं. तुकडा संपला आणि बाईंनी तो पुन्हा घेतला. मी म्हटलं, बरोबर. मग पुन्हा घेतला. आणि पुन्हा. हनुवटी हलेना. लोक खूश होते. शेठनी तर तुकडा परत आला की 'वा वा' म्हणत मांडीवर ताल धरला, पुढच्या रांगेने त्यांचं पाहून टाळ्या सुरू केल्या. बाईंच्या कपाळावर घाम होता. पुन्हा तोच तुकडा. आता टाळ्या तालात पडू लागल्या, आरतीला पडतात तशा.

तेव्हा बाईंनी कागदावरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे अनेक प्रकारे बघितलं होतं, पण असं नाही. डोळे मोठे, तोंड किंचित उघडं, अंधारात वाट चुकलेलं माणूस रस्त्यावरच्या कुणालाही विचारतं तसं. आयुष्यात पहिल्यांदा त्या माझ्याकडे काही मागत होत्या.

मी हसलो. मान डोलावली. आणि म्हणालो, "वा! चालू द्या."

माझं मन स्वच्छ होतं हो. बाई तुकडा घोटतायत, म्हणजे सगळं ठीक चाललंय. आणि हनुवटी तर हललीच नव्हती.

मागून चमकीच्या झग्याची सळसळ आली. कशिश स्टेजवर चढली होती. सोफ्याला वळसा घालून ती आली, मला खांद्याने बाजूला केलं, पान उलटलं आणि एका जागी बोट ठेवलं. बाईंची बोटं क्षणभर हवेत राहिली. मग खाली आली, पुढच्या वाटेवर. कशिश पुढची सगळी पानं उभ्याने उलटत राहिली. तिने हनुवटीकडे एकदाही बघितलं नाही. मी त्या लाल सोफ्यावर जाऊन बसलो, नवऱ्याच्या जागेवर, कारण दुसरीकडे जागा नव्हती.

शेवट बाईंनी असा वाजवला की जणू कुणाचा तरी सूड घ्यायचा होता. लोक उभे राहिले. पाटील ओरडले, "कळलं, कळलं!" शेठनी शाल घातली, नारळ दिला, आणि माइकवर सांगितलं की एवढा 'वन्स मोअर' न मागता देणारा कलाकार त्यांनी पाहिलेला नाही.

नवरीच्या खोलीत बाई आरशासमोर बसल्या होत्या. कशिश दारात उभी. तिच्या डोळ्यांतलं काजळ पसरलं होतं. मला वाटलं, आता बाई तिला जवळ घेतील. एवढी वर्षं कथा वाचून माणसाच्या अपेक्षा बिघडतात.

"बोट ठेवलंस," बाई आरशातून म्हणाल्या, "ते एक ओळ पुढे होतं. मी सावरून घेतलं म्हणून निभावलं."

कशिश म्हणाली, "हो मॅडम. जोरात चुकले."

मग बाईंची नजर माझ्याकडे आली.

"सेक्रेटरी, तुम्ही 'वा' म्हणालात."

"हो बाई."

"पुन्हा कधी कुणाला म्हणू नका."

त्यानंतर सगळं भराभर उतरलं. जणू ते एकदा पूर्ण होईपर्यंत बाईंनी दार दाबून धरलं होतं. कशिश रोज दुपारी येऊ लागली. बाई तिला रोज नव्याने ओळखत, रोज परीक्षा घेत, आणि रोज संध्याकाळी काढून टाकत. "उद्यापासून येऊ नकोस, हॉलवर बस." दुसऱ्या दिवशी ती दारात उभी राहिली की, "कोण तू? बस, वाजवून दाखव." मी एकदा तिला जिन्यात गाठून म्हटलं, "अगं, कशाला रोज अपमान करून घेतेस?" ती म्हणाली, "काका, पहिल्यांदा एकदाच काढलं होतं, ते वर्षानुवर्षं पुरलं. आता रोज काढतात. त्याचं काही वाटत नाही." मग हसली. "आणि रोज आधी घेतात ना."

पण तिला लग्नाचे हंगाम होते, बाईंना रात्री एकटं ठेवणं अशक्य झालं. शेवटी पुण्याहून बाईंचा भाचा आला आणि त्याने त्यांना बदलापूरच्या एका वृद्धाश्रमात हलवलं. पियानो कशिशकडे गेला, म्हणजे हॉलवर.

मी आणि सुमन भेटायला गेलो ती माझी आणि त्यांची शेवटची भेट ठरली. बाग बरी होती, म्हाताऱ्या माणसांना उन्हात खुर्च्या टाकल्या होत्या. बाई ताठ बसल्या होत्या, नखं आजही कापलेली, हात मांडीवर एकावर एक, जरीच्या साडीची घडी ठेवावी तसे. कशिश शेजारी बसून त्यांना केळं भरवत होती, कारण सोलायचं बाईंनी कधी मनावर घेतलं नव्हतं.

"मॅडम, हे तुमच्या सोसायटीचे काका," कशिश म्हणाली. "आठवतात?"

बाईंनी मला खालून वर पाहिलं. काही नाही. पत्र्याच्या डब्यात हात घालून काही लागू नये तसं. अशा वेळी मी गप्प बसायचं सोडून बोलतो. म्हटलं, "बाई, मी सेक्रेटरी! तुमच्या कार्यक्रमात मी पानं उलटली होती. तुम्हीच निवडलंत मला."

"याला नोटेशन वाचता येतं?" बाईंनी कशिशला विचारलं.

"नाही मॅडम."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

बाईंनी केळ्याचा घास सावकाश गिळला, माझ्याकडे आणखी एकदा नीट निरखून बघितलं आणि कशिशला म्हणाल्या, "याला शेजारी बसवलं होतं मी? मग तेव्हाच डॉक्टरांना दाखवायला हवं होतंस मला."